लेकीच्या तिकिटातलं पानी

खाल्लं. हो, खाल्लं मी, विहीनबाई, अन् पोटभर खाल्लं — तुम्ही रावेरहून एष्टीचे धक्के खात एवढं इचाराले आल्या, तं मी लपवू काहाले? लेकीची कूस अजून उजवली नाही अन् या मंजुळानं तिच्या घरचं पानी पेलं, अन्न तोंडात घातलं, अन् तेही कठी, तं लंडनच्या विमानात, पडद्याच्या पुढच्या त्या मोठ्या खुर्चीवर पाय पसरून — हेच आलं ना तुमच्या कानावर? मंग बरोबर आलं. कोन्या चहाडखोराले बोल नका लावू. मीच सांगतलं, या आमच्या असोद्यात, वाळवनाच्या बिबड्या थापता थापता, सगळ्या आळीच्या बायांमधी, अन् हळू नाही, चांगलं मोठ्यानं सांगतलं. वच्छलाबाईच्या हातातली बिबडी हातातच राह्यली. तिचं माहेर तुमच्या रावेरचं, म्हंजे तुमच्यापर्यंत याले एक बाजाराचा दिवस पुरे झाला असंल. बसा ना. खाली नका बसू, त्या खाटेवर बसा — अन् मी ही अशी तंगडी लांब करून बसली ती तुमचा मान ठेवायचा नाही म्हनून नाही, माझा हा गुडघा वाकत नाही, केळीच्या बागेत चिखलात घसरून पडली तवापासून असाच हाये.

तुमचं म्हननं मी ऐकून घेतलं. ओट्यावर चप्पल काढता काढताच तुम्ही बोलून टाकलं, तुम्हाले टेकायचाही धीर निघाला नाही — की लग्नाले सात वर्सं झाली, मंदाले दिवस जात नाहीत, आता तं तिच्या मायनंच आस सोडली अन् तिचं अन्न खाऊन आली, मंग आम्ही काहाले वाट पाहत बसावं? मंदानं फारकत लिहून द्यावी, पंडितरावचं दुसरं व्हावं, अन् लेकीची समजूत मी घालावी. निंभोऱ्याची पोरगी पाहून ठेवली म्हनता. घरचे लोक बरे हायेत म्हनता. अन् बोलता बोलता हेही म्हनून घेतलं, की माझ्या पोराच्या कमाईवर सासू रानीसारखी उडत गेली. बरं. सगळं ऐकलं, मधी एक शब्द नाही बोलली. हा चहा घ्या, अन् आता माझं ऐका, मंग काय ते ठरवा.

रीत मले शिकवू नका. रीत मी तुमच्यापेक्षा जास्त पाळली. मंदाचं लग्न झाल्यापासून तुमच्या घरी कितीकदा आली मी — सनावाराले आली, तुमचे मालक दवाखान्यात व्हते तवा आली — कधी तुमच्या माठातलं पानी पेली का? सांगा ना. तुम्ही कपबशी पुढं केली की मी म्हनायची, राहू द्या, नातू झाला की त्याच्या हातून पेईन. घरून भाकर बांधून आनायची, रावेरच्या एष्टी स्टँडवर बसून खायची, तठल्याच नळाचं पानी प्यायची, अन् मंग तुमच्याकडं यायची. तुम्हीच तवा चारचौघीत म्हनत, माझी विहीन रीतीची पक्की. तं त्याच पक्क्या बाईले लंडनहून फोन आला, की आई, तू ये, तुझं तिकीट काढलं — तवा मी पह्यलं काय बोलली असंल? कशी हाये, बरी हाये का, काही नाही. मी म्हनलं, येते बाई, पन तुझ्या घरचं खानार नाही. मले वाटलं लाइन तुटली. मी हॅलो हॅलो कराले लागली, तवा मंदा हळूच म्हने, बरं आई, तू ये तं खरी, तुझी सोय करते. ती काय सोय केली तिनं, ते सांगते पुढं. थांबा.

माझ्या पोरानं, अभिमननं, मले मुंबईपर्यंत पोचवलं. मी काय काय बांधून नेलं इचारा — ज्वारी-उडदाच्या कळन्याच्या भाकरी, दशम्या, शेंगदान्याची चटनी, लसनाचा ठेचा, अन् पान्याले तो फिरकीचा तांब्या, आमच्या इहिरीच्या पान्यानं काठोकाठ भरलेला. अभिमन म्हने, आई, विमानात सगळं देतात. मी म्हनलं, देतात म्हंजे काय, धरमार्थ देतात? तिकिटात धरलेलं असते. अन् तिकीट कोनाचं? लेकीचं. मंग ते पानी कोनाचं झालं — लेकीच्या घरचंच झालं ना? तो कपाळाले हात लावून बसला. पन तुम्हीच सांगा, यात काही चुकलं का माझं? हां, पाहा, मान हालवली तुम्ही. तुम्हीही असंच धरलं असतं. आपल्याकडची कोनतीही माय असंच धरीन, त्यात शिकलेली-अडानी असं काही नाही.

तं विमानाच्या दारात एक पोरगी उभी व्हती, आपल्या मंदाएवढीच, नीट नेसलेली, हसतमुख. तिनं माझं तिकीट पाह्यलं अन् मले डाव्या अंगाले वळवलं. बाकीचे सगळे उजवीकडं चाललेले — आपलेच लोक, गठुडी, रडती लेकरं, एकमेकांच्या पायावर पाय — अन् मी एकटी डावीकडं. मले वाटलं, लंगडी पाहून बाजूले काढली. मी म्हनलं, बाई, मले त्या लोकांसंगं बसू दे, मले चालता येते. ती हात धरून हिंदीत म्हने, माँजी, तुमची जागा हीच हाये. अन् पडदा सारला. विहीनबाई, खुर्ची कसली, पलंगच तो — अभिमनच्या लग्नात नवरदेवाले कोच आनला व्हता त्याच्यापेक्षा रुंद. पुढं एवढी मोकळी जागा की म्हैस बांधावी. अन् मानसं किती, तं मोजकी, सगळी अशी गप बसलेली की कोनी वारलं बिरलं की काय असं वाटावं. मी पायातल्या वहाना काढल्या, पाय वर घेऊ म्हनलं, तं गुडघा वाकेना, मंग तशीच लांब करून बसली. मले लाज नाही वाटली. काहाले वाटावं? तिकीट व्हतं माझ्याकडं, त्या सायबांकडं व्हतं तसंच.

मंग ती पोरगी चिमट्यानं धरून एकेकाले गरम रुमाल देत आली, वाफ निघत व्हती त्याच्यातून. बाकीच्यांनी तोंडं पुसली. मी लुगडं जरा वर घेतलं अन् गुडघ्यावर ठेवला — असा शेक बसला म्हनून सांगू, जळगावच्या डॉक्टरच्या दिव्यानंही बसला नव्हता. मी दुसरा मागितला. तिनं पाह्यलं, तिच्या ध्यानात आलं, मंग ती दर थोड्या वेळानं येऊन रुमाल बदलून जायची. इथपर्यंत ठीक व्हतं, शेक घेनं म्हंजे काही खानं नाही, ते रीतीत बसते.

पुढं खान्याची वेळ झाली. पह्यले एक जाड पत्रिका दिली, लग्नाच्या पत्रिकेसारखी, मी म्हनलं कोनाचं लग्न हाये बाई — तं त्यात जेवनाची नावं. मंग पांढरं फडकं आंथरलं, काचेचे पेले, चांदीवानी चमचे. मी हात जोडले. नको म्हनलं. ती म्हने, उपास हाये का? नाही. पोट बिघडलं का? नाही. मंग काही दुसरं आनू का, सगळं शाकाहारी हाये. मी म्हनलं, माझं मी आनलं हाये. अन् फडकं सोडलं. शेजारी एक सुटाबुटातला मानूस व्हता, त्यानं ठेच्याचा वास आल्याबरोबर नाकाले रुमाल लावला. मी म्हनलं, भाऊ, तुमच्या पेल्यात काय हाये ते मी इचारलं का? त्यानं रुमाल खिशात घातला. आता खोटं काहाले बोलू, मानूस वाईट नव्हता. मी तांब्या मांडीवर धरलेला, पाय अवघडलेला, ते त्याले दिसत व्हतं. त्याले वाटलं, या बाईले खुर्ची उघडता येत नाही. खुनेनं म्हने, हे दाबा. मी काहाले दाबते? तं त्यानंच हात लांबवला अन् कळ दाबली. माय व माय — पाय वर, डोकं खाली, मी आडवी, अन् तांब्या उपडा. फिरकी मी नुकतीच सोडलेली, घोट घ्याले. सगळं पानी लुगड्यावरून त्या गादीत गेलं. असोद्याच्या इहिरीचं पानी, एवढं जपून आनलेलं, थेंब राह्यला नाही. तो बिचारा उठून उभा राह्यला, स्वताचं कांबळं मले देऊ लागला. त्याच्यावर काय रागावू, तो भलं कराले गेला व्हता.

आता पाहा माझी दशा. कळन्याची भाकर अन् लसनाचा ठेचा खाल्लेला, वरून पान्याचा घोट नाही. विमानातली हवा अशी कोरडी, ओठ तडकतात. ती पोरगी पेला घेऊन आली, मी मान फिरवली. परत आली, मी डोळे मिटले. बाकीचे दिवे मालवून झोपले, मी जीभ टाळूले लावून जागी. थुंकी गिळावी तं थुंकी नाही. मनात म्हनत व्हती, मंजुळा, आता लंडन काही दूर नाही — अन् लंडनले उतरून तरी काय? तठी तं सगळंच लेकीचं. हे माझ्या डोक्यात तवा आलं, पाहा. एवढे दिवस घरी बसून इचार केला, पन हे नाही आलं. महिनाभर मी काय नळ शोधत फिरनार व्हती?

तिसऱ्यांदा आली तवा ती पोरगी खाली गुडघे टेकून बसली, माझ्या खुर्चीपाशी, पेला हातात धरून. म्हने, माँजी, कोनाची शपथ हाये? मंग मी सांगतलं. माझी हिंदी तुम्हाले ठाऊकच हाये, पन तिले समजलं. लेकीले लेकरू नाही, म्हनून. मंग म्हने, आमच्याकडंही हेच हाये, हरियान्याकडं. माझ्याही लग्नाले चार वर्सं झाली. माझी माय येते ना, ती आमच्या घराखालच्या टपरीवर बसून आधी पानी पेते, मंग जिना चढते. तिले वाटते मले ठाऊक नाही. मी वरून पाहत असते.

विहीनबाई, मी त्या रावेरच्या स्टँडवर कितीकदा भाकर खाल्ली, ते तुम्हाले आत्ता सांगतलं ना? मंदा तवा तुमच्याच घरात व्हती. गावात येनारं-जानारं कोनी ना कोनी पाहतच असते. मी इचारच नाही केला की हे तिच्या कानावर जात असंल. मी आपली माझी रीत सांभाळत बसली.

अन् तवा मले माझा बाप आठवला. तुम्ही नाही पाह्यला त्याले, उखर्डू पाटील, तापीपल्याड साकळीचा. मलेही सहा वर्सं लेकरू नव्हतं — हो, मले. हे तुम्हाले कोनी सांगतलं नसंल. तो बैलगाडी घेऊन यायचा, गाडीले पान्याची छागळ टांगलेली, समोरच्या लिंबाखाली बसायचा, तठूनच माझ्यासंगं बोलायचा. एका वैशाखात छागळ वाटेतच गळून रिकामी झाली. तो आला तं ओठ पांढरे पडलेले. मी उंबऱ्यात तांब्या घेऊन उभी. आबा, घ्या ना. तो म्हने, नको बाई, तुझा पोऱ्या झाला की त्याच्या हातून पेईन. थोडा वेळ बसला अन् तसाच गाडी जुंपून निघाला, उन्हाचा. मी तांब्या घेऊन उभीच. त्याच आखाडात तो गेला. मंग दोन वर्सांनी मंदा झाली. आता मले सांगा, तो तहानेला गेला म्हनून माझी कूस लवकर उजवली का? एक दिवस तरी लवकर? अन् तो पानी पेला असता तं मंदा झाली नसती का? सांगा. तुम्ही म्हनता ना, मायनं खाल्लं म्हनून ओटी रिकामी राह्यली — मंग माझ्या बापानं नाही खाल्लं, तं त्याले काय भेटलं? मले तं एवढंच भेटलं, की आजही कोनी उन्हातून दारात आलं की माझ्या छातीत धस्स व्हते.

मी त्या पोरीच्या हातातला पेला घेतला अन् पेली. एका दमात पेली. दुसरा मागितला, तोही पेली. मंग म्हनलं, आता आन बाई तुझं ते ताट. तिनं सगळ्यांचं झाल्यावर माझं परत गरम करून आनलं — भात, वरन, पनिराची भाजी, दही, गोड काहीतरी पांढरं, थंड. सगळं खाल्लं. ती मधून मधून येऊन पाहून जायची, डोळे पुसायची. मीही रडली. चमच्यानं खाता येईना तं हातानं खाल्लं. खुर्ची पार आडवी करून घेतली अन् झोपली, बरं, अशी झोपली की उतरायच्या वेळी हालवून उठवलं मले.

नका तोंड मुरडू, अजून सांगनं बाकी हाये. त्या सोयीचं राह्यलं ना. विमानतळावर मंदा अन् पंडितराव दोघं आले व्हते. मंदा किती वाळली, काय सांगू. मी तिले पोटाशी धरलं अन् पह्यलंच सांगतलं, मंदा, तुझ्या घरचं पानी पिऊन आली, अन्न खाऊन आली. ती माझ्या तोंडाकडं पाहतच राह्यली. तिले खरं वाटेना. तिच्या घरी गेली तं सैपाकघरात एका कोपऱ्यात नवी कोरी भांडी — एक पातेलं, एक तवा, एक पेला — सगळी शेजारच्या कोकिलाबेनच्या नावानं आनलेली, म्हंजे त्यातलं पानी लेकीच्या घरचं नाही. अन् कोकिलाबेनले सांगून ठेवलेलं, की माझी आई दोन्ही वेळा तुमच्याकडं जेवीन. म्हंजे पोरीनं स्वताच्याच घरात स्वताले वाळीत टाकलं, तेही माझ्यासाठी. मी म्हनलं, हे काय व? ती म्हने, आई, तू रावेरच्या स्टँडवर खायची, मले ठाऊक व्हतं. परदेशात तुले स्टँड कठून आनू? एवढं बोलली अन् हसली. विहीनबाई, त्या हसन्यानं माझं काळीज फाटलं. मी ती भांडी उचलली, कोकिलाबेनच्या दारात नेऊन ठेवली, अन् मंदाच्या ताटात, तिच्याच ताटात, तिच्यासंगं जेवली. महिनाभर रोज. अन् परत बोलावलं तं परत जेवीन. घ्या, लिहून ठेवा.

आता राह्यलं खुर्चीचं. तुमच्या पोराच्या कमाईवर गेली म्हनता — हो, गेली. मंदाचं तिकीट नव्हतंच ते. हे मलेही तठी जाऊन कळलं. मंदा बिचारी साधंच तिकीट समजत व्हती. पंडितरावनं परस्पर बदलून घेतलं, म्हने आईंचा गुडघा दुखते, त्यांले पाय लांब करता यावा. मले जावयाचं लई कवतुक वाटलं. मंग एक दिवस मंदा कामावर गेलेली, मी भाजी निवडत बसलेली, तं पंडितराव येऊन बसला खाली, माझ्या पायापाशी. एवढा मोठा इंजिनेर, देठं मोडू लागला माझ्यासंगं. मंग म्हने — जाऊ द्या. ते नाही सांगत. ते तुम्हाले सांगायचं नव्हतं.

नाही, तसं काही नाही. तुम्ही खोदून इचारता म्हनून — बरं, ऐका, ऐकायचंच असंल तं. म्हने, आई, तुम्हाले मी त्या खुर्चीवर बसवून आनलं ते गुडघ्यासाठी तं आनलंच, पन माझं एक काम हाये. माझ्या मायले तुम्ही सांगा, मी दुसरं करनार नाही. मंदाले सोडनार नाही. माझ्यानं सांगनं होत नाही. फोनवर तिचा आवाज आला की माझी वाचा बसते, मी आपला हो हो म्हनतो. अन् माझं नाव घेऊ नका, तुम्हीच अडून बसल्या असं सांगा, माय तुमच्यावर चिडीन, पन माझ्यावर नको. — आता कळलं? मी माझ्या मनानं अडून बसली नाही. तुमच्याच पोऱ्यानं मले तुमच्या दारात हा निरोप द्याले धाडली, अन् मी रावेरले यायच्या आत तुम्हीच अठी आल्या. त्याले मी शब्द दिला व्हता, तो मोडला. मोडला तं मोडला. तुम्ही त्याच्या कमाईचं नाव नसतं काढलं तं मोडला नसता.

काय? मंदानं पढवलं त्याले? मंदानं! विहीनबाई, जरा तोंड सांभाळा. मंदानं सात वर्सं तुमचे बोल खाल्ले. तुमच्या पुतनीच्या डोहाळजेवनात तिले ओटी भराले पुढं केली अन् तुम्ही सगळ्यांदेखत तिचा हात मागं वढला, की तू नको. आली व्हती ना मी, पाह्यलं ना मी डोळ्यानं. तिनं तवाही तोंड उघडलं नाही. अन् काहाले नाही उघडलं, ठाऊक हाये? तिच्यात काही कमी हाये म्हनून? दोन दोन डॉक्टर झाले तठी, तिचं सगळं चांगलं हाये — ती गप राह्यली तुमच्या पोराच्या अब्रूसाठी. अन् तुम्ही आना ना निंभोऱ्याची पोरगी, खुशाल आना, तिलेही सात वर्सं असेच बोल लावा, मंग तिलेही फारकत द्या अन् तिसरी आना, तरी तुमच्या अंगनात —

काही नाही.

काही नाही म्हनलं मी. चहा घ्या, निवला असंल. नाही, मी डॉक्टरचं काही बोलली नाही, मले काय समजते त्यातलं, मी अडानी बाई. असं पाहू नका माझ्याकडं, विहीनबाई. पदर काहाले तोंडाले लावता. तो तुमचाच हाये, पह्यले व्हता तसाच हाये, त्याच्यात काही बदल झाला नाही. रोज कामावर जातो, येतो, मंदाले कांदा चिरून देतो, दोघं हसतात, खातात. मी पाह्यलं. मी महिनाभर पाह्यलं.

उठा आता. जास्त बसाल तं मी अजून काही बोलून जाईन, अन् मंग मंदाले तोंड दाखवाले मले जागा नाही राहनार. निंभोऱ्याच्या लोकांले आजच निरोप धाडा, की जमत नाही. काहाले जमत नाही ते सांगू नका, माझं नाव सांगा, मंजुळा आडवी आली म्हना, मले चालते. अन् रावेरले उतरल्या की स्टँडासमोरच्या बूथवरून त्याले फोन लावा. ओरडू नका, रडू नका, काही इचारू नका. पंडित, जेवला का बाप्पा, एवढंच इचारा. पुढं तो काही बोलला तं ऐका, नाही बोलला तं ठेवून द्या. जा, गाडी जाईन तुमची.